वायतुरा सातारकर

मिरजेत कुठल्याही हॉस्पिटलसमोरच्या मेडिकल दुकानात पाच मिनिटं थांबलं की लॅटिन भेटतं. काउंटरमागचा मुलगा चिठ्ठी वाचतो. 'बीडी' दिसलं की पाकिटावर १-०-१ लिहितो, 'टीडीएस' दिसलं की १-१-१, आणि 'एचएस' असेल तर मान वर करून सांगतो, "मावशी, ही गोळी झोपताना घ्यायची बरं का."

बीडी म्हणजे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम', दिवसातून तीनदा घ्यायचं. एचएस म्हणजे 'होरा सोम्नी', झोपेच्या वेळी. आता यांच्या शेजारी संस्कृत ठेवून बघा. बिस आणि द्विः, तेर आणि त्रिः, दिए आणि दिवस, सोम्नुस आणि स्वप्न. संस्कृतात स्वप्न या शब्दाचा पहिला अर्थ झोप हाच आहे. 'होरा' तर दोघांनीही ग्रीकांकडून उसना घेतला. आपल्या ज्योतिषातला होरा तोच, आणि आपण 'होरा बांधतो' तोही तोच. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं. त्याचा पुरावा मिरजेच्या दुकानात रोज पाकिटावर उतरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

शाळेत लॅटिन शिकवावं की आजच्या परदेशी भाषा, हा वाद मुळात युरोपातला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजनं १९६० साली प्रवेशासाठीची लॅटिनची अट काढली, आणि इंग्लंडमधल्या साध्या सरकारी शाळांतून हा विषय झपाट्यानं कमी झाला. खाजगी शाळांत मात्र तो टिकला. तिथल्या सरकारनं २०२१ साली सरकारी शाळांत लॅटिन परत आणण्यासाठी ४० लाख पौंडांची योजना जाहीर केली, आणि २०२५ मध्ये शैक्षणिक वर्षाच्या मध्यातच तिचा पैसा थांबला.

आपल्याकडे हाच वाद आठवीच्या उंबरठ्यावर उभा राहतो. शंभर गुणांचं संपूर्ण संस्कृत घ्यायचं, की पन्नास हिंदी आणि पन्नास संस्कृत असं संयुक्त, की हे सगळं सोडून जर्मन किंवा जपानी? सातारा-सांगलीकडं तिसरा पर्याय बहुतेक मुलांपुढे येतच नाही. पाचगणीच्या निवासी शाळा सोडल्या तर परदेशी भाषा साधारणपणे पुण्याच्या क्लासमध्येच भेटते, तीही बारावीनंतर. म्हणून इथले पालक विचारतात तो प्रश्न सरळ असतो: संस्कृत शिकून पुढं काय? आणि जर्मन शिकवलं तर पोरगी परदेशी नोकरीला लागेल का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेळापत्रकात आहेत, आणि वादात वेळापत्रक कुणी उघडत नाही. आठवड्याला ४ तासिका धरू, एक तासिका ३५ मिनिटांची. म्हणजे आठवड्याला १४० मिनिटं. वर्षातून दिवाळी, उन्हाळा, चाचण्या, सहामाही, गॅदरिंग, सहल, निवडणुकीसाठी घेतलेले वर्ग आणि बोर्डाच्या परीक्षेमुळे बुडालेले दिवस वजा केले तर ३० आठवडे हाती लागतात. १४० गुणिले ३० म्हणजे ४२०० मिनिटं, पुरे ७० तास. आठवी ते दहावी मिळून २१० तास. याहून जास्त शाळेकडं नाही.

आता जर्मनचं माप घ्या. गटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन, ४५ मिनिटांच्या तासिकांत हिशोब देतं. (ज्या मॅक्सम्युलरचं नाव या संस्थेनं भारतात लावलं, तो संस्कृतचा पंडित होता.) ए-१ या पहिल्या पायरीला ८० ते २०० तासिका, ए-२ ला सुरुवातीपासून मोजून २०० ते ३५०, बी-१ ला ३५० ते ६५०, बी-२ ला ६०० ते ८००. शाळेचे २१० तास या मापात २८० तासिका होतात. म्हणजे दहावीला मूल ए-२ च्या मध्यावर असेल. जर्मनीत नर्स म्हणून कामाची मान्यता हवी असेल तर सहसा बी-२ लागतं. शाळेची तीन वर्षं त्याच्या निम्म्यावरही पोचत नाहीत. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा गावोगाव जर्मनची चौकशी सुरू झाली. त्या चौकशीला २८० आणि ६०० हे दोन आकडे सगळ्यात आधी सांगायला हवेत. पालकांना नोकरीचं आश्वासन देऊन शाळेत जर्मन सुरू करणं म्हणजे त्यांची फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

जुन्या भाषेचं गणित वेगळं निघतं. लॅटिन असो की संस्कृत, तिथं ध्येय एकच: वाचता येणं. समोरच्याचं भरभर बोलणं कानानं पकडायचं नाही, फोनवर उत्तर द्यायचं नाही, अर्ज लिहायचा नाही. चार कौशल्यांपैकी एकच उरतं आणि त्याला २१० तास पुरतात. सोप्या गोष्टीचा न पाहिलेला उतारा कोश हातात घेऊन लावता येणं, हे दहावीच्या मुलाच्या आवाक्यातलं आहे. जिवंत भाषा शाळेत अर्धी राहते. जुनी भाषा, नीट शिकवली तर, शाळेतच एका मुक्कामाला पोचते.

पण ती नीट शिकवली जात नाही, हेही तितकंच खरं. बोर्डाच्या संस्कृतच्या पेपरात मोठा भाग पाठ्यपुस्तकातलाच असतो आणि कितीतरी उत्तरं 'माध्यमभाषया' म्हणजे मराठीत लिहिता येतात. श्लोक पाठ, भाषांतर पाठ, समासांचा तक्ता पाठ. 'स्कोरिंग विषय' म्हणून संस्कृत घेतलं जातं आणि ते खरंच स्कोरिंग आहे. शंभरातले पंचाण्णव मिळवलेल्या मुलीसमोर पुस्तकाबाहेरच्या चार ओळी ठेवा. ती पहिल्याच शब्दाला अडते.

अडते कुठं, ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. समजा ओळीत 'देवाय' आलं. मूल मनातल्या मनात चाल धरतं: देवः देवौ देवाः प्रथमा, देवम् देवौ देवान् द्वितीया... आणि बोटं मोजत चतुर्थीवर येतं. आठ ओळी गुणिले तीन वचनं, चोवीस रूपं, आणि त्यातलं कुठलंही एक ओळखायला पहिल्यापासून सुरुवात. तक्ता म्हणता येतो, रूप ओळखता येत नाही, कारण शिकवताना नेहमी तक्त्याकडून रूपाकडे नेलं, रूपाकडून अर्थाकडे कधी नेलंच नाही. उपाय कठीण नाही. पहिल्या सत्रात द्विवचन पूर्ण बाजूला ठेवावं. अकारान्त शब्दांची एकवचनं आणि बहुवचनं तेवढी घ्यावीत आणि मराठीच्या प्रत्ययाला बांधावीत: '-अस्य' म्हणजे चा-ची-चे, '-आय' म्हणजे ला किंवा साठी, '-एषु' म्हणजे मध्ये. रोज पाच नव्या ओळी, आणि त्यातले फक्त शेवट अधोरेखित करायचे.

दुसरी अडचण संधीची. 'वृक्षस्याधः' हा शब्द मूल कोशात शोधतं आणि तो तिथं नसतो, कारण तो वृक्षस्य अधिक अधः आहे. दीर्घ, गुण, वृद्धी, यण आणि विसर्ग एवढ्या पाच संधी फोडता आल्या की शाळेपुरतं भागतं. बाकीचे नियम कॉलेजात. कोश वापरायला शिकवणं हाही अभ्यासाचाच भाग आहे. जर्मनीत लॅटिनची पात्रता-परीक्षा असते, तिला 'लाटिनुम' म्हणतात. तिच्या लेखी भागात तीन तासांत सिसेरोसारख्या लेखकाचा सुमारे १८० शब्दांचा उतारा लावायचा असतो, आणि टेबलावर कोश उघडा ठेवता येतो. मिनिटाला एक शब्द. एवढ्या सावकाश वाचण्यालाही तिथं पूर्ण मान आहे. आपल्या संस्कृतच्या पेपरात असा एकच प्रश्न २० गुणांचा आला तर वर्षभराचं शिकवणं आपोआप बदलेल.

मराठी माध्यमाच्या मुलाला संस्कृतचा एक फायदा असा आहे जो इंग्रजी माध्यमातल्या मुलाला लॅटिनकडून मिळतो. त्याचं विज्ञानाचं पुस्तक संस्कृत शब्दांनी भरलेलं आहे. 'अपृष्ठवंशी' हा शब्द पाठ करणाऱ्याला तो दगडासारखा जड वाटतो. फोडून बघा: अ, पृष्ठ, वंश, ई. वंश म्हणजे वेळू. पाठीतला वेळू ज्याला नाही तो. वेळूला पेरं असतात तसे कण्याला मणके. एकदा हे दिसलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही. मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर बसून माणसांनी जगभरच्या शास्त्रांना मराठी शब्द दिले ते संस्कृतचे धातू हाताशी होते म्हणून. त्याच जिल्ह्यातल्या मुलांना ते शब्द फोडता येऊ नयेत, ही गोष्ट मनाला लागते.

आणि हे धातू कुणाच्या हाताशी होते, हाही प्रश्न साताऱ्यानं विसरू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. पुढं मुंबईच्या हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. जातीमुळे ते दार बंद झालं आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या कष्टानं मिळवलं. जर्मनही ते शिकले, आणि १९२१ साली बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला. जुनी की नवी, असा पेच त्यांच्यापुढे नव्हता. त्यांना दोन्ही हव्या होत्या, कारण दोन्हींत वाचण्याजोगं होतं. एखाद्या शाळेत संस्कृत फक्त 'अ' तुकडीला आणि चित्रकला-हिंदी बाकीच्यांना, अशी वाटणी होते तेव्हा ते दार थोडंसं पुन्हा लोटलं जातं. वाटणी गुणांवरून होत असली तरी.

परदेशी भाषेला माझा विरोध नाही. उलट इथल्या मुलांना जर्मन चांगली येईल असं मला वाटतं, आणि त्याची कारणं मराठीतच आहेत. इंग्रजीतून जर्मनकडे जाणारा माणूस तीन लिंगांना घाबरतो. मराठी मूल कशाला घाबरेल? तो चमचा, ती सुरी, ते ताट. जर्मनमध्ये चमचा 'देअर', काटा 'दी', सुरी 'दास'. लिंगं जुळत नाहीत, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त नाम कधीही एकटं लिहू द्यायचं नाही, पहिल्या दिवसापासून वहीत 'देअर ल्योफेल' असंच. ज्या वर्गात नुसतं 'ल्योफेल' चालवून घेतलं, त्या वर्गाचं व्याकरण ए-२ ला कोसळतं, कारण पुढं चारही विभक्ती या छोट्या शब्दावरच चालतात.

आकड्यांचं तसंच. जर्मन पंचवीस म्हणजे 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिष', पाच-आणि-वीस. आपलं पंचवीसही पाच आधी, वीस मागून. इंग्रजीत विचार करणारं मूल ऐकून ५२ लिहितं. मराठीत पाढे म्हटलेलं मूल २५ लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. जर्मन शिक्षकाच्या बाजूनं बघितलं तर पंचवीसच बरं.

उच्चारात 'त्सूग' म्हणजे आगगाडी. हिंदीभाषकाला तो त्स जमवावा लागतो, आपण 'चूक' म्हणताना तोच च उच्चारतो. 'मी' या अर्थाच्या जर्मन शब्दाला मुलं 'इश' म्हणतात. 'ह्या' म्हणताना जो 'ह्य' येतो तो आवाज न काढता, नुसत्या श्वासानं म्हटला की तो उच्चार जवळपास येतो. खरा अडथळा दोन टिंबांच्या 'उ'चा. मुलं त्याचा 'यू' करतात. जीभ 'ई'च्या जागी ठेवायची, तिथंच धरायची आणि ओठ शिट्टीसाठी करतो तसे गोल करायचे. जीभ मागं सरकली की बिघडलं. हे प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून दुरुस्त करावं लागतं.

आणि इथंच गाडी अडते. वर्गात साठ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. शिक्षकानं स्वतः एक शब्दही न बोलता सगळा वेळ वाटून दिला तरी एका मुलाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. वीसपेक्षा मोठ्या तुकडीत जिवंत भाषा शिकवता येत नाही, तिची फक्त माहिती देता येते. शिवाय शिक्षक. तासिका तत्त्वावर आलेली शिक्षिका मार्चमध्ये जाते, जूनमध्ये नवीन येतात, मुलांना काय येतं याचा अंदाज नसल्यामुळे पहिल्यापासून सुरू करतात. तीन वर्षांत तीनदा 'माझं नाव अमुक, मी साताऱ्यात राहते' होतं आणि चौथं वाक्य येत नाही. २०११ मध्ये केंद्रीय विद्यालयांत जर्मन तिसरी भाषा म्हणून आली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, वर्ष निम्मं झालेलं असताना, तिच्या जागी संस्कृत आणायचं ठरलं. त्या मुलांची जर्मन तिथंच तुटली आणि संस्कृतही सक्तीचं पान म्हणून समोर आलं. भाषांचं भांडण लावलं की दोन्ही भाषांचं असं होतं.

जपानीबद्दल थोडक्यात. वाक्यरचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे: 'गाक्को ए इकिमासु', शाळे-ला जातो. वाक्य पहिल्या आठवड्यात जमतं, लिपी मात्र वेळ खाते. ४६ मूळ अक्षरांचे दोन संच आणि त्यावर चित्रलिपी. एन-५ ही पहिली परीक्षा १८० गुणांची, ८० ला उत्तीर्ण, पण श्रवणाच्या ६० पैकी १९ स्वतंत्रपणे लागतात. पुस्तकावर शिकलेली मुलं नेमकी त्या १९ ला अडतात.

म्हणून सातारा-सांगलीच्या एखाद्या साध्या हायस्कूलला विचारलं तर माझं सांगणं असं राहील. आठवी ते दहावी संस्कृत सगळ्या तुकड्यांना खुलं ठेवा आणि ते वाचण्यासाठी शिकवा. जर्मन तेव्हाच सुरू करा जेव्हा तीन वर्षं टिकणारा शिक्षक आणि वीसची तुकडी दोन्ही हातात असतील. ती शाळा सुटल्यावर चालवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर 'दहावीअखेर ए-२' असं लिहून पालकांची सही घ्या.

लॅटिन? विषय म्हणून नको. पण बारा तासिका हव्यात, जीवशास्त्राच्या वेळापत्रकातून काढून. शिकवायला लॅटिनचा पदवीधर लागत नाही, जीवशास्त्राचे सर आणि संस्कृतच्या बाई एकत्र बसल्या तरी पुरे.

साहित्य घरातलंच आहे. केशर 'क्रोकस सटायव्हस', भात 'ओरायझा सटायव्हा', लसूण 'एलियम सटायव्हम'. पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. पिवळा-पिवळी-पिवळं म्हणणाऱ्या मुलाला यापुढं काही समजावावं लागत नाही. सांगलीच्या बाजारात ढिगानं पडलेली हळद 'कर्क्युमा लाँगा', लांब ती. कारखान्यावर जाणारा ऊस 'सॅकॅरम ऑफिसिनारम', औषधांच्या दुकानांतला. युरोपात साखर आधी औषध म्हणून विकली जायची, आणि 'सॅकॅरम' हा शब्द आपली शर्कराच फिरून आलेली आहे. आंबा 'मँजिफेरा', आंबा धारण करणारी, त्यातला 'फेर' म्हणजे संस्कृतातला 'भर'.

चूक कुठं होईल तेही ठाऊक आहे. पिंपळ 'फायकस रिलिजिओसा' आणि चिंच 'टॅमरिंडस इंडिका' लिहायला सांगितलं की हुशार मूल 'रिलिजिओसस' आणि 'इंडिकस' लिहितं, कारण 'फायकस'चा शेवट पुल्लिंगी दिसतो. त्याला चूक म्हणून थांबू नये. लॅटिनमध्ये बहुतेक झाडं स्त्रीलिंगी, शेवट काहीही असो. मराठीत तो वड, तो पिंपळ, ती चिंच. रोमन माणसाला झाडं आईसारखी वाटत असावीत का, हे मुलांना खुशाल विचारू द्यावं.

यातली एक तासिका जुलै-ऑगस्टमध्ये कासला घ्यावी, तीही सप्टेंबरची गर्दी व्हायच्या आत. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाणी साचलेल्या डबक्यांतून वायतुरा वर आलेला असतो. दांडा एक, वर तुऱ्याचे दोन फाटे, इंग्रजी वायसारखे, फिकट जांभळट. त्याचं शास्त्रीय नाव 'अपोनोगेटॉन सातारेन्सिस'. 'एन्सिस' म्हणजे आपला 'कर'. सोनकी 'सेनेसिओ बॉम्बेएन्सिस', ती मुंबईकर. वड 'फायकस बेंगालेन्सिस', बंगालकर. आणि हा सातारकर. २०११ च्या अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय तिचं नाव जगात ग्राह्य धरलं जात नसे, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालू लागलं. वायतुऱ्याचं नामकरण त्याआधीचं. म्हणजे या डबक्याचं, या दोन फाट्यांचं वर्णन कुणीतरी बसून लॅटिनमध्ये लिहिलेलं आहे. मुलांना काठावर उकिडवं बसवावं, पाण्यात पाय न घालता, आणि वहीत आधी मराठी नाव, त्याखाली लॅटिन नाव लिहायला सांगावं. पहिला शब्द रोमन लिपीत मोठ्या अक्षरानं सुरू होतो, दुसरा लहान. साताऱ्याचं नाव असलं तरी लहानच.